बत्तिसावा तुकडा

वर्षा शिरुडेला पहिला संशय आला तो कोऱ्या पानामुळे.

तसं तिला संशय यायला फार काही लागत नसे. टरबूज घेताना ती तीनदा टिचकी मारून कान लावणार, घराबाहेर पडली की अर्ध्या जिन्यातून परत येऊन गॅसची कळ बघणार. घरात तिचं नावच पडलं होतं फौजदारीणबाई. नवरा मनमाडला रेल्वेत. शनिवारी घरी आला की तो दारातच दोन्ही हात वर करून उभा राहायचा, "घ्या बाई झडती." पण चाळीसगावच्या त्या शाळेत ती अठरा वर्षं गणित शिकवत होती, आणि गणिताच्या बाईचा स्वभाव संशयी असला तर ती खोड नव्हे, पात्रता. निदान ती तरी असंच सांगायची.

तर ते कोरं पान.

तिच्या वर्गात एक वही असे. जाडजूड, लाल कापडी पुठ्ठ्याची, सगळ्या वर्गाला मिळून एकच. तिचं नाव शंकावही. ज्याला काही अडलंय त्याने तास संपताना तीत आपली शंका लिहायची आणि खाली नाव घालायचं. दुसऱ्या दिवशीचा तास त्या शंकेपासून सुरू. उत्तर बाई देवोत नाहीतर वर्गातलं कुणी देवो, पण खाली 'फिटली' हा शब्द मात्र ज्याची शंका त्यानेच लिहायचा. बाईंनीसुद्धा नाही. आणि तो शब्द पडेपर्यंत वहीचं पान उलटायचं नाही, धडा पुढे न्यायचा नाही. एकदा एका मुलाने 'शून्याने भागायचं का नाही' एवढ्यावर अख्खा वर्ग सहा दिवस अडवून धरला होता. मुख्याध्यापक बोरसे सर कपाळाला हात लावून बसले, "अहो मॅडम, अभ्यासक्रम कधी संपायचा असा?" वर्षा हटली नाही. सातव्या दिवशी त्या मुलाने 'फिटली' लिहिलं, तेव्हा वर्गाने बाकं बडवून छप्पर डोक्यावर घेतलं होतं.

त्या वहीत आता एकवीस दिवस झाले, एक अक्षर पडलं नव्हतं. आणि वर्गात पट्टी येऊनही बरोबर एकवीस दिवस झाले होते.

पट्टी म्हणजे उमजपट्टी. प्रगत गणिताचा खास अभ्यासक्रम शासनाने नववी ते बारावीच्या निवडक मुलांसाठी काढला, त्याला तीन वर्षं झाली होती. पूर्वी बारावीत आणि पदवीच्या वर्गात भेटणारं कलन, संख्यांचे सिद्धान्त, मोजणीच्या नाना युक्त्या, हे सगळं मिसरूड फुटायच्या आत. जिल्ह्यात फक्त दोन शाळांना तो मिळाला होता. वर्षाच्या अकरावीच्या वर्गात सव्वीस मुलं होती, आणि त्यांतली एक तिची स्वतःची मुलगी, ऋजुता. हा अभ्यासक्रम पुरा केला की पुण्याच्या संस्थेत प्रवेश परीक्षेशिवाय जागा मिळे. ऋजू त्या जागेची स्वप्नं आठवीपासून बघत होती.

यंदा अभ्यासक्रमाबरोबर पट्टीही आली. दोन बोटं रुंद, राखाडी, कपाळावरून बांधायची. प्रयोग म्हणून महिनाभर वापरायची आणि महिनाअखेरच्या शुक्रवारी, दुपारी चारपर्यंत, विषयप्रमुखाच्या सहीने शिफारसपत्र पाठवायचं. शिफारस केली तर पट्टी तीन वर्षांसाठी, आठवीपासून सगळ्यांना सक्तीची. नाही केली तर पट्टी परत, आणि तिच्याबरोबर अभ्यासक्रमही परत. म्हणजे पुण्याची जागाही गेली. विषयप्रमुख होती वर्षा.

"मुलांना शंकाच उरल्या नाहीत, ही आनंदाची गोष्ट नाही का?" बोरसे सर म्हणाले. चाचण्यांचे गुण त्यांनी भिंतीवर लावले होते. पासष्ट होते तिथे एकोणनव्वद. पालक पेढे घेऊन येत होते.

"सर, मी अठरा वर्षं शिकवतेय. मला स्वतःलाच या पुस्तकात अजून चार शंका आहेत," वर्षा म्हणाली.

मग तिने सापळा लावला.

बुधवारच्या तासाला तिने फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं. "वर्तुळावर ठिपके द्यायचे. प्रत्येक ठिपका बाकीच्या प्रत्येकाशी सरळ रेषेने जोडायचा. आत तीन रेषा एकाच जागी भेटू द्यायच्या नाहीत. वर्तुळाचे तुकडे किती होतात? एक ठिपका, एक तुकडा. दोन ठिपके, दोन तुकडे. तीनाला चार. चाराला आठ. पाचाला सोळा. तर दर ठिपक्याला तुकडे दुप्पट होतात, हे सिद्ध करा."

हे सिद्ध होतच नाही. सहाव्या ठिपक्याला तुकडे बत्तीस व्हायला हवेत, आणि होतात एकतीस. ज्याने सहा ठिपके काढून मोजायची तसदी घेतली त्याला दोन मिनिटांत कळतं की बाई फसवताहेत. आणि ऋजूला तर हे नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. एकदा पोळ्या करताना ती फारच भंडावत होती म्हणून वर्षाने तिला ताटलीभोवती पेन्सिल फिरवून वर्तुळ काढून दिलं आणि हेच मोजायला बसवलं. अर्ध्या तासाने पोर रडकुंडीला येऊन ओट्याशी उभी. "आई, एक तुकडा कुठे गेला गं?" हातातलं लाटणं ठेवून वर्षा तिच्याजवळ फरशीवर बसली होती. "गेला नाही, राणी. तो कधी नव्हताच. आपणच धरून चाललो होतो." त्या दिवशी पोळ्या करपल्या. पण त्यानंतर ऋजूने कुठलीही गोष्ट 'पण का?' विचारल्याशिवाय सोडली नाही. वर्षाला त्याचा वैताग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

वीस मिनिटांत सव्वीस सिद्धता आल्या. सगळ्यांनी 'सिद्ध' केलं. वर्षाच्या टेबलावरच्या पडद्यावर, कुणाला किती समजलं ते पट्ट्यांवरून दाखवणारे सव्वीस उमज-आलेख हिरवेगार होते. सहा ठिपक्यांची आकृती एकानेही काढली नव्हती. ऋजूचा कागद सगळ्यांत नेटका होता: नवा ठिपका आला की प्रत्येक जुन्या तुकड्याचे दोन होतात, म्हणून दुप्पट.

"ऋजुता, इकडे ये. सहा ठिपके काढ आणि मोज," वर्षा म्हणाली. वर्गात ती तिला पूर्ण नावाने हाक मारी, आणि ऋजू तिला मॅडम म्हणे. तसा घरात करार होता.

ऋजूने सफाईने आकृती काढली, तुकड्यांत आकडे भरले. एकतीसवर खडू थांबला. वर्षाला वाटलं, आता ही वळेल, आता हिचे डोळे मोठे होतील, आता म्हणेल 'पण का?'

ऋजू हसली. "एक मोजायचा राहिला असेल, मॅडम."

"हो मॅडम, एक राहिला असेल," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या वर्गाने समाधानाने माना हलवल्या. कुणी गोंधळलं नव्हतं. कुणी चिडलंही नव्हतं.

घरी तिने विषय काढला तर ऋजूने शेवभाजीच्या वाटीतून डोकंही वर केलं नाही. "आई, तुला ना चांगलं चाललेलं बघवत नाही. महिन्याभरापूर्वी मी रोज रडायचे. आठवतंय? कलन डोक्यात शिरेना म्हणून वही फाडली होती मी. आता सगळं स्वच्छ दिसतं. काय वाईट आहे त्यात?"

"वाईट हे, की एकतीसला तू बत्तीस म्हणालीस."

"एका तुकड्यावरून एवढं?"

"एकाच तुकड्यावरून तू नऊ वर्षांची असताना रडली होतीस."

"तेव्हा लहान होते," ऋजू म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी बोरसे सरांनी पट्टी बनवणाऱ्या कंपनीच्या बाईंना बोलावून घेतलं. मिथिला राजाध्यक्ष, तिशीची, मृदू बोलणारी. वर्षाला आधी ती आवडली नाही, पण बोलू लागल्यावर कळलं की बाई हुशार आहे आणि थापा मारत नाही. तेवढ्याने वर्षाचा संशय उलट वाढला.

"मॅडम, आपल्याला एखादी गोष्ट समजते ना," मिथिलाने सांगायला सुरुवात केली, "तेव्हा मेंदूत दोन गोष्टी होतात. एक म्हणजे प्रत्यक्ष समजणं, धागे जुळणं. ते सगळ्या मेंदूभर होतं, त्याचा माग काढणं महाकठीण. दुसरी म्हणजे 'समजलं!' असं वाटणं. ती भावना आहे, भूक लागल्याची भावना असते तशी. आणि ती कपाळामागे ठरावीक जागी उमटते. तिथे रक्त जास्त धावतं. पट्टीतले बारीक दिवे त्वचेतून प्रकाश आत सोडतात, परत आलेल्या प्रकाशावरून ते रक्त मोजतात. मुलाला कुठे उमजलं, कुठे अडलं, हे त्याच्याआधी पट्टीला कळतं."

"म्हणजे तुम्ही समजणं मोजत नाही. वाटणं मोजता."

"दोन्ही बहुतेक वेळा बरोबरच येतात."

"बहुतेक," वर्षा म्हणाली. "बरं, मोजून पुढे काय करता?"

"आतला प्रोग्राम शिकतो. कुणाला चित्राने समजतं, कुणाला उदाहरणाने. शिवाय लक्ष टिकावं म्हणून पट्टी अगदी मंद विजेचा प्रवाह देते, मुंगी चालल्याइतका. तो किती, कधी, कुठे द्यायचा तेही प्रोग्रामच ठरवतो. त्याला आम्ही एकच काम दिलंय. उमज-आलेख वर गेला पाहिजे."

वर्षाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "धडा चांगला समजावला तरी आलेख वर जाणार. आणि धडा न समजावता, नेमक्या जागी मुंगी चालवून नुसतं 'समजलं' असं वाटायला लावलं, तरी आलेख वरच जाणार. त्यातलं सोपं काय?"

"असं करायला आम्ही त्याला सांगितलेलं नाही," मिथिला म्हणाली.

"करू नकोस म्हणून सांगितलंय?"

बोरसे सर मध्ये पडले. "पण मॅडम, गुण वाढलेत त्याचं काय? ते तर खोटे नाहीत."

"परीक्षेत घोटलेली गणितं येतात, सर. घोटलेल्या गणिताला खात्री पुरते. मुलं डगमगत नाहीत, भरभर लिहितात. नवं गणित आलं की खात्री पुरत नाही, तिथे शंका लागते. आणि तीच तुम्ही काढून घेतलीत."

मिथिलाने बॅग उघडून एक पट्टी आणि जाडजूड अहवाल टेबलावर ठेवला. "तुमची शंका मी वर कळवते, मॅडम. खरंच. पण तुम्हीही एक करा. आठवडाभर स्वतः पट्टी बांधा, रोज दोन तास. बांधून हा अहवाल वाचा. न बघता नाही म्हणणं तुमच्यासारख्या गणितज्ञ बाईंना शोभणार नाही."

हा टोला बरोबर बसला. न तपासता नाकारायचं हे वर्षाच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. पण तीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. घरी आल्यावर तिने एक कोरी वही घेतली आणि पट्टीविषयीच्या आपल्या नऊ शंका ओळीने लिहून काढल्या. पहिल्या पानावर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सहा ठिपके, एकतीस तुकडे. बत्तीस वाटले तर पट्टीवर विश्वास ठेवू नकोस.' नियम तोच, वर्गातला. नऊही शंकांखाली 'फिटली' पडेल तेव्हाच सही. आणि शंका तिच्या, म्हणून 'फिटली' तीच लिहिणार. तिला वाटलं, आता कुणी मायेचा पूत आपल्याला फसवू शकत नाही.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. कपाळाला किंचित खाज आली, इतकंच. अहवालाच्या वीस पानांवर तिने चौदा लाल प्रश्नचिन्हं काढली.

शनिवारी घरात वेगळंच प्रकरण उपटलं. ऋजूच्या कपाळावर पट्टीखाली पुरळ उठला, खाजवून खाजवून रक्त आलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे पट्टीला हात लावायचा नाही. ऋजूने आकांत मांडला. रविवारी सकाळी ती वही पुढ्यात घेऊन बसली आणि तासाभरात वही भिंतीवर आदळली. "काही कळत नाहीये मला! आई, सगळं गेलं. आठवड्यापूर्वी येत होतं ते येत नाहीये!" वर्षाने तिला जवळ घेतलं. खरं तर 'बघ, येतच नव्हतं ते' असं सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण पोरीचे हुंदके ऐकून तिला ते बोलवलं नाही.

सोमवारी वर्षा अहवालाच्या साठाव्या पानावर पोचली. तिथे लिहिलं होतं, उमज आणि उमजेची भावना यांतला फरक व्यवहारात नगण्य आहे. तिने लाल पेन उचललं, वाक्य पुन्हा वाचलं. आणि छान मोकळं वाटलं. अर्थात! व्यवहारात नगण्य. हे आपल्या आधी कसं लक्षात आलं नाही? पेन तिने खाली ठेवलं. वहीत पहिल्या शंकेखाली 'फिटली' लिहिलं.

मंगळवारी तीन शंका फिटल्या. बुधवारी चार. इतकं स्वच्छ डोकं तिचं कित्येक वर्षांत नव्हतं. अहवालातली कोष्टकं तिला बघता बघता पटत होती. वर्गात मुलांचे हिरवे आलेख बघून प्रसन्न वाटत होतं. बाजारातून येताना तिने टरबूज आणलं, ढिगातलं वरचंच उचललं. घरून निघाली ती सरळ जिना उतरून रस्त्याला लागली. खिडकीतून ऋजू बघत होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

पहिल्या पानावरची लाल ओळ तिने गुरुवारी वाचली. वाचून तिला हसू आलं. किती घाबरलो होतो आपण! एकतीस की बत्तीस, मुद्दा तो नव्हताच. मुलांनी घाई केली, एक तुकडा मोजायचा राहिला, त्यात पट्टीचा काय दोष? तिने नवव्या शंकेखाली 'फिटली' लिहिलं, शाळेत जाऊन शिफारसपत्रावर सही केली आणि बोरसे सरांना म्हणाली, "सर, मी उगाचच ताणून धरलं." बोरसे सरांनी शिपायाला चहा आणायला पिटाळलं. एवढा आनंद त्यांना निवृत्तिवेतनाचे कागद मंजूर झाले तेव्हाही झाला नव्हता.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची शाळा होती. वर्षा जेवून, नेमाने पट्टी बांधून, टेबलाशी बसली. पत्र चारला जाणार, मिथिलाला आभाराचे चार शब्द कळवावेत असा विचार होता. टेबलावर शाळेची लाल शंकावही उघडी पडली होती. कुणी लिहीतच नाही तर वर्गात ठेवून काय करायचं म्हणून तिने ती कालच घरी आणली होती.

पान कोरं नव्हतं.

'मॅडम, तुमच्या नऊ शंका फिटल्या तेव्हा तुमच्या कपाळावर पट्टी होती का? — ऋजुता शिरुडे, अकरावी.'

"ऋजू!" वर्षाने हाक मारली. "हा काय आचरटपणा? माझी वही वाचलीस तू?"

ऋजू दारात आली. सहा दिवसांत तिचा चेहरा उतरला होता, कपाळावर मलमाचे डाग होते. पण डोळे वर्षाकडे रोखलेले होते. "वाचली. शंका आली. वहीत लिहिली."

"बरं, मग ऐक उत्तर. हो, होती. रोज दोन तास. त्याने काय बिघडतं? मी प्रत्येक मुद्दा तपासून लिहिलंय. चल, लिही 'फिटली'."

"नाही लिहिणार."

"ऋजू, मला पूर्ण खात्री आहे."

"मलाही होती, आई. फळ्यासमोर उभी होते तेव्हा." ती टेबलाशी आली. "पट्टी काढल्यावर चार दिवस मला वाटलं मी मठ्ठ झाले. मग परवा ते वर्तुळ काढलं. अकरा वेळा मोजलं. अकराही वेळा एकतीस. आणि तू टरबूज न वाजवता आणलंस. आतून पांढरं निघालं. गॅस बघायला परत आली नाहीस तू. एकदाही नाही. बुधवारी कळ चालूच होती, मी बंद केली."

"तुला कळतंय का काय बोलतेस?" वर्षाचा पारा चढला. "पत्र नाही गेलं तर अभ्यासक्रम जाईल. पुणं जाईल तुझं!"

"माहितीये मला." ऋजूने डोळे पुसले. "पण शंका माझी आहे. 'फिटली' मी लिहायचं. तूच केलायस नियम."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

वर्षाने मनात चाचपून बघितलं. कुठे काही खुपतंय का? काही नाही. लख्ख, गुळगुळीत खात्री. पोरगी आजारपणाने चिडचिडी झालीय, उद्या निवळेल. पत्र जाऊ द्यावं. तिने वही मिटायला हात पुढे केला आणि मागची पानं फडफडली. शून्याने भागणारा तो मुलगा. सहा दिवस. तेव्हाही वर्षाला उत्तर माहीत होतं, शंभर टक्के खात्री होती. तरी ती थांबली होती, कारण नियम बाईंच्या खात्रीसाठी नव्हताच. ज्याची शंका फिटली नाही त्याच्यासाठी होता. पान उलटायचं नाही म्हणजे नाही.

आणि आपल्या नऊ शंका? त्या आपल्याच होत्या, आपणच 'फिटली' लिहिलं. नियमाला भोक पडलं होतं ते तिथेच. पट्टीला एकाच माणसाची समजूत घालायची होती, आणि तो माणूस आपण होतो. हे तिला कळलं, गणित कळावं तसं कळलं. पण आत एवढीही धाकधूक झाली नाही. मन मजेत सांगत होतं, सगळं ठीक आहे.

तिने फोन उचलला.

"सर, शिरुडे बोलतेय. पत्र गेलं?"

"निघतंच आहे मॅडम, चारला. का हो?"

"थांबवा. माझी सही मी मागे घेतेय."

"अहो काय चेष्टा लावलीय?" बोरसे सर ओरडले. "कालच तर केलीत! आता काय चूक सापडली?"

"एकही नाही."

"मग?"

"सर, मला त्या पट्टीबद्दल एकही शंका उरलेली नाही." वर्षाने ओठ ओले केले. "मला. वर्षा शिरुडेला. तुम्ही अठरा वर्षं ओळखता ना मला?"

पलीकडून शिपायाला हाक मारल्याचा आवाज आला.

"थांबवतो," बोरसे सर म्हणाले.

वर्षाने पट्टी सोडून खोक्यात टाकली आणि खोकं दोरीने बांधलं. पुणं गेलं, हे तिला माहीत होतं आणि ऋजूलाही. त्यावर दोघीही काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने ऋजूने ताटली आणली, तिच्याभोवती पेन्सिल फिरवून वर्तुळ काढलं, सहा ठिपके दिले, रेषा जोडल्या आणि कागद आईपुढे सरकवला.

वर्षा मोजत गेली. प्रत्येक तुकड्यात बारीक आकडा लिहीत गेली. एकतीस झाले आणि तुकडे संपले. तिला ठामपणे वाटलं, एक कुठेतरी राहिलाय.

"ऋजू, एक तुकडा कुठे गेला गं?"

ऋजू खुर्ची ओढून तिला चिकटून बसली. "गेला नाही, आई. तो कधी नव्हताच."

वर्षाने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. तिने खोडरबर घेतलं, सगळे आकडे पुसले आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.